पगारावरची बाई

रेजिनाबाईच्या चपला मला डोळे मिटून सांगता येतील. तपकिरी, अंगठ्याच्या, पट्ट्यावर पितळेचं बारीक बक्कल, टाच झिजली का पुढच्या पगाराला नवी टाच. दवाखान्याच्या दारात ती त्या अशा काढायची का दोन्ही एका रेघेत, टोकं बाहेरच्या बाजूला, म्हनजे कोनी हाक मारली तं पाय घातला का चालू. आमच्या गावात तेव्हा बायकांच्या पायात चपला फक्त लग्नाला नाय तं बाजाराला. मिठागरावर चपला घालून कोन जातं, मीठ चामडं खातं. मी तिच्या चपला बघायची, मंग माजे पाय बघायची, टाचा फुटलेल्या, भेगांत मीठ गेलेलं, आनि पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. हेवाच तो. दुसरं काय म्हनू.

ती आमच्या पंचायतीच्या दवाखान्यातली नर्स. गास गावची, ख्रिस्ती, चाळिशीची, लग्न केलेलं नाय. आमचं गाव खाडीवरचं, नायगावपासून चालत, सगळी मिठागरं आनि भाताची शेतं. रोजचं येनं-जानं जमायचं नाय म्हनून ती आमच्या समोरच्याच खोलीत भाड्यानं राहायची. शनवारी दुपारी गासला जायची, चर्चमधलं रविवारचं मिस करून सोमवारी पहिल्या एसटीनं परत. येताना पिशवीत घरच्या वाडीतली केळ्यांची एक फनी, दर सोमवारी, चुकायची नाय. गावात तिला कोनी नर्सबाय बोलायचं, कोनी नुसतं बाय.

घड्याळ ती मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची. पोराची नाडी बघताना हात उलटा नको करायला म्हनून, असं तीच बोलली. मला वाटायचं, दाखवायला बांधते. आत बांधून दाखवता येत नाय हे मला कळत होतं, तरी वाटायचं.

पगाराच्या दिवशी ती पावडर लावायची. हे मी माज्या डोळ्यांनी बघितलंय, दार उघडं ठेवून, खिळ्याला टांगलेल्या आरशात बघत, मानेला सुद्धा. मंग पंचायतीत जायची, सही करून पाकीट घ्यायची, आनि संध्याकाळी तिच्या खोलीतून चिंबोऱ्यांच्या कालवनाचा वास यायचा. आमच्या चुलीवर सुकट. माज्या पोरीचा, सुलीचा बाबा, म्हनजे माजा नवरा काशिनाथ, तेव्हा गोखिवऱ्याला एका कारखान्यात जायचा. काम असलं तं हजेरी, नाय तं गेटावरून परत. तो वास आला का भाकरी मोडता मोडता बोलायचा, "बाईमानूस असून बघ कशी टेचात राहते." एकदा मी डाळीची वाटी अशी आपटली का अर्धी त्याच्या मांडीवर. "हात सुटला," मी बोलली. हात काय सुटला नव्हता.

एकदा ती तापानं चार दिवस निजून होती. मी पेज नेऊन दिली. चांगुलपना नव्हता, खोली आतून बघायची होती. तर ऐन त्या महिन्यातबी पाकीट पुरं आलं. मला राहवलं नाय.

"बाय, तू तं निजलेली होतीस."

"निजले होते, मेले नव्हते," ती बोलली.

"म्हनजे निजल्याचे बी पैसे देतात?"

"देतात. त्यालाच सरकारी म्हणतात." आनि हसली. दात लय सुंदर होते तिचे, ते बी मला बघवायचे नाय.

जिभेची तिखट होती. गोड बोलून औषध पाजनाऱ्यातली नव्हे. आमच्या आळीतली एक म्हातारी, तिच्या नातवाचं गळू फोडून बाईनं साफ केलं, तं म्हातारी पाया पडायला वाकली. "देवमानूस गं तू. पुन्य लागेल तुला."

बाईनं पाय मागं घेतले. "पुण्य तुमच्याकडेच राहू द्या, आजी. मी पगारावरची बाई. पुण्यवाली आज येते, उद्या तिचं डोकं दुखतं, तिला कोण विचारणार? पगारवालीला भर पावसात दार वाजवून उठवता येतं. नाही उठले तर सरपंचाकडं जाऊन सांगता येतं, ही तुमची बाई फुकटचा पगार खाते. ते बरं की पुण्य बरं?"

म्हातारीला काय कळलं नाय. मला कळलं, आनि रागच आला, का पगार घ्यायचा तो घ्यायचा, वर त्याची अशी आरती करायची.

मला वाचता येतं हे तिला एसटीच्या पाटीवरून कळलं, मी मोठ्यानं वाचली म्हनून. मी चौथी पास. मास्तर घरी आले होते माज्या बापाकडं, पोरीला पुढं शिकवा बोलले. बाप बोलला, पानी कोन भरनार. ते मी बाईला सांगितलं नाय, तरी ती बोलली, "दुपारी येत जा दवाखान्यात. लशीच्या वहीत नावं लिही. अक्षर बसेल, पुढं दाईच्या शिकवणीला नाव घालते तुझं." मी बोलली, "मला घरकाम हाय." तिच्या वहीत तिच्या पेनानं लिहायचं आनि पगार तिनं घ्यायचा. असा विचार केला मी. खोटं कशाला बोलू.

आता दवाखान्याचं सांगते. दवाखाना म्हनजे एक खोली, एक बाक, एक काचेचं कपाट. कपाटात कापूस, लाल औषधाची एक बाटली, आनि बाकी काच. सुली तीन महिन्यांची असताना खोकून खोकून निळी पडायची, मी घेऊन गेली तं बाई बोलली, "खोकल्याचं संपलंय. वाफ दे, छाती शेक."

"कवा येनार?"

"पंचायतीकडं पैसे आले की."

"औषध संपतं," मी बोलली, "तुजा पगार बरा संपत नाय कदी."

बाकावरच्या बायका वळून माज्याकडं बघायला लागल्या. बाई सुलीची छाती ऐकत होती, तिनं मान वर केली नाय. "तोही संपतो," बोलली, "पंचवीस तारखेला." आनि सुलीला माज्या मांडीवर अशी तिरकी धरून दाखवली का पोरीचा श्वास मोकळा झाला. मला तेबी आवडलं नाय. माजी पोर तिच्या हातात लवकर गप्प व्हायची.

त्याच दिवसांत तिनं साखर-मिठाच्या पान्याचं शिकवलं. दवाखान्याच्या पडवीत पंधरावीस बायका, मधी तांब्या. पोराला हगवन लागली तर काय करायचं ते. बाई बोटं नाचवत सांगत होती, मूठ आनि चिमूट, मूठ आनि चिमूट, आनि मधीच बोलली, "पण तुमची चिमूट नको गं बायांनो, मिठागरवाल्यांची चिमूट म्हणजे आमची मूठ." सगळ्या खदाखदा हसल्या. मी मागं खांबाला टेकून उभी होती. मला हसनं ऐकू आलं. मी चपला बघत होती, त्या दिवशी नवी टाच लावलेली होती.

मंग ती ग्रामसभा झाली, शाळेच्या पटांगनात, सोमवारीच. घरपट्टी वाढवायची होती, लोक चिडलेले. मिठागराचा ठेकेदार नामाशेट उभा राहिला. "पट्टी आमची जाते कुठं? रस्त्यात खड्डा, गटार तुंबलेलं, दवाखान्यात औषध नाय. कुठं जाते?" कारकून कागद घेऊन वाचायला लागला, अमुक खर्च, तमुक खर्च, कोनाला काय कळेना. तेवढ्यात रेजिनाबाई उठली. गेली खोलीवर, पिशवीतली फनी आनली, सरपंचाच्या टेबलावर ठेवली. बारा केळी होती.

"ही पंचायतीची वर्षाची कमाई," बोलली. आनि तोडायला लागली. "कारकून भाऊंचा पगार," तीन केळी कारकुनापुढं. "धर्मा शिपाई," दोन. "पाणी सोडणारा," दोन. "झाडूवाली," एक. "आणि ही माझी," तीन स्वताच्या हातात घेतली. मागं एक राहिलं, फनीच्या कडेचं, बारकं, काळं पडलेलं. ते तिनं वर धरलं. "रस्ता, गटार, दिवे आणि औषध, सगळ्यांना मिळून हे एक. भांडा आता ह्याच्यावर."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. धर्मा शिपायानं तोवर त्याच्यातलं एक सोलून खाल्लं पन. सरपंचाचं तोंड उतरलं. इतकी वर्सं कारकुनानं कागद वाचले ते कोनाच्या डोक्यात गेलं नव्हतं, ते हिनं एका फनीत सांगितलं. मला वाटलं, बघा, हितंबी हीच.

तेव्हा नामाशेट बोलला, "मंग बाय, तुजी तीन काढली तं?"

तिनं हातातल्या केळ्यांकडं बघितलं. खोटं बोलली असती तं सुटली असती. "तर औषध येईल," बोलली.

"मंग झालं तं!"

"आणि ते द्यायचं कोणी?"

"बाटलीवर लिवलेलं असतंय की."

पुन्हा लोक हसले, पन आता हसनं वेगळं होतं. कोनाचा पगार काढायचा ह्याच्यावर आठ दिवस गावात दुसरी गोष्ट नाय. कारकून सरपंचाचा मेव्हना. धर्मा नामाशेटच्या आळीतला. पानीवाला गेला तं नळ कोन सोडनार, झाडूवाली गेली तं उकिरडा कोन काढनार. राहिली कोन? गासवाली. बाईला काढा, तिचा पगार औषधाला घाला, असा अर्ज कारकुनानंच लिहिला आनि घरोघर फिरवला. बायकांचेबी अंगठे पायजे होते, दवाखाना बायकांचा म्हनून.

आमच्या दारात आला तेव्हा सुलीला पाजत होती मी. कारकून शाईचा डबा पुढं करायला लागला. मी बोलली, "मला सही येते." त्यानं खिशाचं पेन दिलं. चौथीनंतर पहिल्यांदा कोनी माज्या हातात पेन दिलं होतं. मी अर्ज वाचला सगळा, पहिल्या ओळीपासून. कळून सवरून लिहिलं, सौ. यमुना काशिनाथ, काना-मात्रा सगळं जागच्या जागी. समोर तिच्या दारात चपला होत्या. बायकांत पहिली सही माजी. माजी बघून मंग बाकीच्यांनी अंगठे दिले.

ती गेली तेव्हा कोनी हार-बीर आनला नाय. ट्रंक एसटीवर चढवली, किल्ली धर्माला दिली. मी दाराआड उभी. ती रस्त्यावरूनच बोलली, "यमुना, सुलीचं ट्रिपलच्या लशीचं तिसरं इंजेक्शन राहिलंय. विसरू नकोस." बस.

आनि औषध आलं. खरंच आलं, मी खोटं बोलनार नाय. कपाट भरलं, बाटल्याच बाटल्या, गोळ्यांचे डबे, पांढऱ्या, लाल, पिवळ्या. लोक काचेतून बघून जायचे. नामाशेट पाहुन्यांना आनून दाखवायचा. किल्ली धर्माच्या कमरेच्या करगोट्याला.

पुढच्या उन्हाळ्यात सुली वर्साची नव्हती झाली. सकाळपासून तिला हगवन लागली, पान्यासारखी. वर ओकारी. सासू बोलली, "पानी देऊ नको, पानी दिलं का खालून जातं." मी नाय दिलं. दहा वाजेपर्यंत पोरीचे डोळे आत गेले, टाळू खाली बसली, रडायची पन डोळ्यांत थेंब नाय. कोरडं रडनं. तसं रडनं मी कदी ऐकलं नव्हतं. तेव्हा मला बाईचं ते साखर-मिठाचं पानी आठवलं. तांब्या घेतला. मूठ आनि चिमूट. मूठ कशाची आनि चिमूट कशाची? मला हसनं आठवत होतं. खांब आठवत होता. नवी टाच, पितळेचं बक्कल, सगळं आठवत होतं, तेवढंच आठवेना. साखर रेशनची, मूठभर साखर कोन घालायला सांगेल? मीठ आमच्याकडं पोत्यानं. मी मूठ मिठाची घातली. चमचा तोंडात घातला तं पोरीनं अंग ताठ केलं आनि सगळं ओकून टाकलं. देवानंच ओकवलं. पोटात गेलं असतं तं काय झालं असतं ते मला मागाहून कळलं, आनि अजून मी दचकते.

धावत धर्माकडं. त्यानं बिचाऱ्यानं लगेच कपाट उघडलं. बाटल्या पुढं ठेवल्या. अक्षरं सगळी इंग्रजी. मला वाचता येतं, मी सही करनारी, आनि मला एक अक्षर लागेना.

"कंची देऊ?" धर्मा बोलला.

"तू सांग."

"मला कागूद नेनं ठावं, वहिनी. लाल ने हवी तं. रंग चांगला हाय."

मी तशीच पोर घेऊन निघाली. वसईच्या मोठ्या दवाखान्यात जायला पायजे होतं, पन तिथं कोन आपलं, कुठं उभं राहायचं, काय बोलायचं, मला भीतीनं काय सुचत नव्हतं. एसटीत बसली, पुढं टांगा केला आनि तोंडातून निघालं, गास.

ती वाडीत होती, पान्याचा पाट वळवत. लुगडं वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. अनवानी. घरातून तिची वहिनी वरडत होती, "आत्या, झालं का पानी? का झोपल्या तिथंच?" मी आधी तिचे पाय बघितले. पोर मरायला टेकलेली खांद्यावर, आनि मी पाय बघितले. जरा बरंबी वाटलं. देव मला माफ करील का नाय, माहीत नाय.

तिनं काय विचारलं नाय. कुदळ टाकली, हात धुतले, सुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "पाणी दिलंस?"

"नाय... दिलं. मिठाची मूठ..."

ती एकदम माज्याकडं बघून राहिली. मंग ओट्यावर बसायला पाट टाकला, पानी उकळून गार केलेलं आनलं. "बघ. चपला नको बघू, हात बघ." म्हनजे तिला तेबी माहीत होतं. "मूठ साखरेची. मीठ तीन बोटांत मावेल एवढंच, तेही कुटून. आता चाख. डोळ्यातलं पाणी जेवढं खारट, तेवढंच. जास्त लागलं तर ओतून द्यायचं." मला वेगळं चाखायची गरज नव्हती, माजं तोंड डोळ्यांतल्या पान्यानं भिजलेलंच होतं.

घड्याळ मनगटाच्या आत तसंच. त्याच्यात बघून चमचा, थांबायचं, पुन्हा चमचा. ओकली तं जरा थांबून पुन्हा चमचा. वहिनी दोनदा येऊन गेली, तिनं बघितलंबी नाय. दुपार कलली. सुली तिच्या मांडीवर, माज्या नाय. आनि मला वाटत होतं, माजी पोर, माज्या मांडीवर का नाय. अजूनबी तेच वाटत होतं.

मधीच बोलली, खाली बघूनच, "तुझी सही सुरेख आली होती."

धरनीनं मला पोटात घेतलं तं बरं, असं झालं.

"बाकी सगळे अंगठे. मी ते पान बराच वेळ बघितलं. म्हटलं, लशीच्या वहीत किती छान दिसलं असतं हे अक्षर." राग नव्हता आवाजात. राग असता तं मी भांडली असती.

चारच्या सुमाराला सुली रडली. बाईनं बोट तिच्या डोळ्याखाली फिरवलं, ओलं बोट मला दाखवलं. "आले बघ थेंब. आता घाबरू नकोस. इथून सरळ मोठ्या दवाखान्यात ने, टांगेवाल्याला सांगते मी. केसपेपर काढ, खिडकी डाव्या हाताला आहे."

मी पाया पडायला वाकली. तिनं पाय मागं घेतले, चिखल सुकून भेगा पडलेल्या होत्या, माज्यासारख्याच.

"बाय, पुन्हा काय झालं तं येऊ?"

तिनं लुगड्याच्या पदरानं सुलीचं तोंड पुसलं. "ये," बोलली. "पण एक ध्यानात ठेव यमुना. आता मी पगारावर नाही. आज वाडीत होते, दार उघडं होतं, मनात आलं. उद्या मनात नाही आलं तर तू कुणाकडं तक्रार करशील?"

आतून वहिनीनं हाक मारली. ती उठली, कुदळ घेतली, पान्याच्या पाटाकडं गेली. जाता जाता मनगट वळवून घड्याळ बघितलं, दवाखाना बंद व्हायच्या वेळेला बघायची तसं.

मी टांग्यात बसली. सुली खांद्यावर झोपलेली, गरम, जिवंत. तेवढ्यात ओट्यावर माजी नजर गेली. दाराशी चपला होत्या. त्याच, तपकिरी. बक्कलावर धूळ, टाच झिजून तिरकी झालेली, पन दोन्ही एका रेघेत, टोकं बाहेर. हाक मारली तं पाय घातला का चालू.

मी वळून हाक मारनार होती. काय बोलून मारू, कशाच्या जोरावर मारू, तेच कळेना. टांगा सुटला.